जाताना धूर नको

सॉल्ट लेक, कोलकाता
१४ डिसेंबर २०२४

चि. दिलीप यास,
अनेक आशीर्वाद.

परवा दूरध्वनीवर तू "माझ्या बहिणीला भट्टीत घातली" असे म्हणालास आणि मी दूरध्वनी ठेवून दिला. यापुढे या विषयावर आपण पत्रानेच बोलू. पत्रात तुला ओरडता येणार नाही आणि मला रिसीव्हर आपटता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती. विद्युतदाहिनीचा निर्णय माझा नव्हता, शैलाचा होता. दिवाळीनंतर तिला रुग्णालयातून घरी आणले, तेव्हा नाकात प्राणवायूची नळी असताना तिने मला आणि तुझ्या भाचीला, चैत्रालीला, समोर बसवून सांगितले, "लाकडं रचू नका. जन्मभर धूर खाल्ला. जाताना तरी कुणाला देऊ नका." तू तिचा धाकटा भाऊ आहेस. शैलाने एकदा सांगितले की पुन्हा विचारायचे नसते, हे तू माझ्याही आधीपासून जाणतोस.

विडीला कधी हात न लावलेल्या बाईची फुप्फुसे अशी कशी झाली, असे तू दरडावून विचारलेस. इथल्या एका तरुण डॉक्टरनेही तिला हेच विचारले होते. धूम्रपान करता का, मासिमा? ती म्हणाली, "करते ना. चूल ओढते." डॉक्टर हसला. मला हसू आले नाही.

माजरगावच्या तुमच्या घरी आईच्या चुलीत ओली लाकडे असत आणि फुंकणीपाशी बसवलेली मुलगी ती होती. तू अंगणात गोट्या खेळत होतास. पुढे गावाजवळ खाण निघाली, रेल्वेच्या सायडिंगवर सांडलेला दगडी कोळसा पोरी टोपलीत वेचून आणू लागल्या आणि चुलीच्या जागी शेगडी आली. त्याला प्रगती म्हणत. लग्नानंतर मी तिला डमडमच्या दोन खोल्यांत आणले. तिथे दिवेलागणीच्या आधी प्रत्येक घरची बाई पेटती शेगडी दारासमोर गल्लीत आणून ठेवी, आणि धूर ओसरून निखारे लाल झाले की आत नेई. शैलाही ते शिकली. "आपला धूर गल्लीला, गल्लीचा धूर आपल्याला," असे ती म्हणे. हिवाळ्यात त्या वेळी समोरच्या दारातला माणूस ओळखू येत नसे. मग रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. निळी ज्योत पहिल्यांदा लागली त्या दिवशी तिने तिला हात जोडले. तोवर खोकला घरातला झाला होता.

माणसाने अग्नी शोधला, असे पुस्तकांत मोठ्या अभिमानाने लिहितात. त्या अग्नीपाशी कोण बसले होते, हे कोणी लिहीत नाही.

अस्थींविषयी विचारलेस. त्याबद्दल सवडीने कळवीन.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ताजी आहे. हे पत्र स्वतः वाचू नकोस, सौ. मीनाकडून वाचून घे.

श्यामसुंदर

•

माजरगाव
२६ डिसेंबर २०२४

भाऊजी,
नमस्कार.

तुमचं पत्र मीना वाचून दाखवत होती. मधेच तिला रडू आलं. मग मी डोळ्यावरची पट्टी वर सरकवली आणि स्वतःच वाचलं. डॉक्टर गेला खड्ड्यात.

मी गोट्या खेळत होतो, मान्य. फुंकणी ताईच्या हातात होती, तेही मान्य. पण तुमच्या पत्रात चूल आली, शेगडी आली, स्टोव्ह आला, गॅस आला आणि तिथंच तुम्ही गाडी थांबवली. पुढचं स्टेशन काऊन नाही घेतलं? वीज! ती कुठून येते जी? तुमच्या दाहिनीत धूर नाही म्हणता. नसेलच. तुमच्या गल्लीतली शेगडी उचलून तुम्ही दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन ठेवली, एवढंच. आमच्या गावाच्या उशाशी वीज केंद्राची धुराडी आहेत. मीना सकाळी धुणं वाळत घालते आणि संध्याकाळी झटकून तेच पुन्हा धुते. राखेच्या तळ्याकडून वारा सुटला की ताटातल्या वरणावर साय धरावी तशी राख धरते. इथली वीज तुमच्याकडं येत नाही, तेवढं मला कळतं. पण तुमच्या बंगालात पण एखादं माजरगाव असेलच. तिथला कोणी दिलीप आमच्या ताईच्या वाट्याची राख अंगावरून झटकत असेल. त्याला तुम्ही पत्र लिहिलं का?

आणि मला कोळसा शिकवता? मी खाणीत उतरत होतो, तुम्ही सरकारी कचेरीत पंख्याखाली बसून कोणती वॅगन कुठं जाईल त्यावर सही करत होता. पगार दोघांनाही कोळशाचाच. आमचं सायडिंग तपासायला साहेब म्हणून आलात आणि ताईला घेऊन गेलात. त्या दिवशी अख्खं गाव काळं होतं आणि तुमच्या शर्टाच्या कॉलरवर एक ठिपका नव्हता. मी पोरगा होतो, पण ते मला अजून दिसते.

आता कामाचं. आईच्या अस्थी आम्ही बहीणभावानं मार्कंड्याला वैनगंगेत सोडल्या. तेव्हा पाण्यात उभं राहून ताई म्हणाली होती, "दिल्या, मला पण इथंच आण." मी हो म्हटलं होतं. पौष अमावस्येला गुरुजी येणार आहेत. अस्थी चैत्रालीबरोबर पाठवा, नाहीतर मी येतो. "सवडीने कळवीन" म्हणजे काय? माझी बहीण काय तुमच्या हापिसातली फाइल आहे?

दिलीप

•

सॉल्ट लेक, कोलकाता
६ जानेवारी २०२५

श्री. दिलीपराव यांस,
नमस्कार.

आपले पत्र पोचले.

विजेविषयी आपण जे लिहिले ते खरे आहे. ते खोडून काढण्यासाठी मी बरेच कागद फाडले आणि जमले नाही, हे मान्य करणे मला भाग आहे. माणसाच्या हाती अग्नी आल्यापासून त्याने एकच गोष्ट सातत्याने सुधारली, ती म्हणजे धूर कुठे सोडायचा. आधी घराबाहेर, मग गावाबाहेर, मग परक्या जिल्ह्यात आणि शेवटी आभाळात, कारण आभाळाच्या वतीने तक्रार करणारे कोणी नव्हते. आता आभाळ उत्तर देऊ लागले आहे. इथे एप्रिलमध्ये शैलाला खिडकी उघडता येत नसे आणि डिसेंबरातही येत नसे. उघडली तर उन्हाळा आत येई नाहीतर धूर.

परंतु माझ्या कॉलरवर ठिपका नव्हता, या वाक्याने आपण काय सिद्ध केलेत? मी सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती, असला लंगडा बचाव मी करणार नाही. मी सही केली. त्या कोळशाच्या विजेवर आपल्या घरातला पंखा फिरला आणि आपल्या मुलांनी अभ्यास केला. कॉलरचेच बोलायचे तर ती आपल्या ताईने चाळीस वर्षे धुतली. ठिपका का नव्हता, ते तिला विचारायला हवे होते.

आपल्या धुराड्यांना निदान उंची आहे. माझ्या वाट्याचे धुराडे शयनगृहाच्या खिडकीला लागून आहे. आमच्या गृहसंकुलाचा डिझेल जनरेटर बरोबर तिथे बसवलेला आहे, कारण आराखड्यात ती जागा "मोकळी" होती. तो हलवावा यासाठी मी वर्षानुवर्षे अर्ज केले. सर्व अर्ज मुद्देसूद होते. त्यांची पोचही मिळाली.

गेल्या दुर्गापूजेत आमच्या मंडपाचा विषय होता "पृथ्वी वाचवा". शाडूचा भलामोठा गोल केला होता, त्यावर हिरवी बेटे आणि मधोमध पृथ्वीला कुशीत घेतलेली देवी. रोषणाई इतकी की दमलेली झाडेही रात्रभर जागी. पाहायला हावड्यापासून माणसे आली. मंडपाला बक्षीस मिळाले. आणि ती संपूर्ण पृथ्वी आमच्या खिडकीखालच्या डिझेलवर उजळत होती. खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबून आत शैला वाफारा घेत होती. मी खाली गेलो. सेक्रेटरी सरखेलबाबूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "मोटे तो पाचटा दिन, मेशोमशाय!" अवघे पाच दिवस, काका. वर प्रसादाची खिचडी पाठवून दिली. मी त्यांना धन्यवाद म्हणालो. दिलीपराव, मी धन्यवाद म्हणालो.

त्यानंतर ती अंथरुणातून नीट उठली नाही.

तेव्हा भट्टी, वचन, अमावस्या हे शब्द मला ऐकवू नयेत. अस्थी आपणांस मिळणार नाहीत. कारण देण्यास मी बांधील नाही. ती माझी पत्नी होती.

श्यामसुंदर

•

माजरगाव
१५ जानेवारी २०२५

साहेब,

"दिलीपराव" वाचलं. "आपण" पण वाचलं. मीना म्हणाली, फाडून टाका. मी जपून ठेवलंय.

खिचडी वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्या सरखेलचा राग माझ्यावर काऊन काढता? मी कोण लागतो तुमचा? तुम्ही तिला चाळीस वर्षं ठेवली, मी विचारलं नाही. आता मूठभर मागतो तर म्हणता, माझी पत्नी होती. माझी बहीण तुमच्या पत्नीच्या आधीपासून होती.

चोवीसच्या गाडीचं तिकीट काढलंय. पितळी डबा आणि लाल फडकं घेऊन दारात उभा राहतो. बघू कसे नाही देत.

दिलीप

•

डमडम, कोलकाता
२० जानेवारी २०२५

प्रिय दिलीपमामा,

बाबांच्या टेबलावर तुझं पत्र उघडं होतं, म्हणून वाचलं. मी मराठीत फार लिहीत नाही, सांभाळून घे. पण तू गाडीत बसायच्या आधी हे तुला कळलं पाहिजे, म्हणून स्पीड पोस्टने पाठवते.

आईच्या अस्थी नाहीत. बाबा लपवत नाहीयेत, देत नाहीत असंही नाही. त्या नाहीतच.

त्या दिवशी घाटावर बाबा खिडकीशी कागदांवर सह्या करत होते. मी दाहिनीच्या दाराशी होते. तिथल्या माणसाने मातीच्या परळात गंगेची माती घालून त्यात आईचं जे उरलं होतं ते माझ्या हातात दिलं. परळ गरम होता. तो म्हणाला, दीदी, सरळ पाण्यात सोडा आणि मागे वळून पाहू नका. इथे सगळे असंच करतात. माझ्या मैत्रिणींच्या घरी मी हेच पाहिलंय. मला वाटलं, जगात सगळीकडे असंच असतं. मी पायऱ्या उतरले, सोडलं, आणि मागे न बघता वर आले.

आपल्यात तिसऱ्या दिवशी जाऊन अस्थी आणतात, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात यापूर्वी इथे कोणी वारलंच नव्हतं ना.

बाबा तिसऱ्या दिवशी सकाळी एकटे गेले. मला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं. इस्त्रीचा शर्ट, आजीचा तांब्याचा मोठा तांब्या चिंचेने घासून लखलखीत केलेला, दूध, फुलं, तीळ. घाटावरच्या माणसाने सांगितलं, काका, ते तर त्याच दिवशी झालं, तुमच्या मुलीने नेलं. बाबा तिथेच उभे राहिले. त्याला दया आली असावी. तो म्हणाला, दाहिनीतली राख देतो हवी तर, पण ती सगळ्यांची मिसळलेली आहे. बाबा नको म्हणाले आणि दुधासकट परत आले.

संध्याकाळी मी रडत माफी मागितली. ते म्हणाले, "तू योग्य तेच केलंस." तेवढंच. तांब्या पुसून कपाटावर ठेवला. अजून तिथेच आहे, रिकामा. मला एक शब्द बोलले नाहीत, आजपर्यंत नाही. मामा, माझ्यावरचा सगळा राग ते तुला पोस्टाने पाठवतात. माझं नाव तुझ्यासमोर येऊ नये म्हणून त्यांनी "देणार नाही" असं लिहिलं असणार.

तिकीट रद्द करू नकोस. पण डबा आणू नकोस.

चैत्राली

•

माजरगाव
८ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,
नमस्कार.

सुखरूप पोचलो. पिशवी रिकामी करताना मीनाच्या हाती ती चावी लागली. म्हणते, ही कुणाच्या ट्रॅक्टरची उचलून आणली? मग मला सगळं सांगावं लागलं.

सांगितलं, की मी दारात उभा राहिलो तेव्हा भाऊजी "दिलीप, अस्थींच्या संदर्भात" असं काहीतरी हापिसातलं बोलायला लागले, आणि मी म्हटलं, चहा ठेवा. नंतर त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. तांब्या दिसत होता, पण मी तिकडं पाठ करून बसायचो.

सरस्वतीपूजेच्या सकाळचं सांगितलं. खाली लाऊडस्पीकरासाठी जनरेटर सुरू झाला आणि खिडकीची काच थरथरली. मी ताईच्या पलंगावर बसलो होतो. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं तर काळं. माजरगावचंच काळं! इतक्या दूर येऊन तेच! मग मी बनियनवर खाली गेलो आणि त्या सरखेलला आमच्या भाषेत धुतला. "तुझ्या घरी मायबाप नाहीत का रे? तुझ्या उशाशी बसव ना हे धूड! बाई मारली अन् वरून खिचडी पाठवते!" त्याला एक शब्द कळला नाही अन् सगळं कळलं. दादा, दादा, करत मागं सरकत होता.

मीना म्हणाली, आणि भाऊजी? सांगितलं, ते जिन्यावर उभे होते. मला वाटलं, आता मला आवरायला येतात, त्या माणसाची माफी मागतात. तर हा माणूस चप्पल नीट घालून खाली आला, गर्दीतून "जरा सरका" म्हणत जनरेटरपाशी गेला, चावी फिरवली, काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "ठेव." सगळं एकदम गप्प झालं. पोरं मूर्तीपुढं तशीच हात जोडून उभी. मीनाचा विश्वासच बसत नाही. म्हणते, श्यामसुंदरभाऊजी? ते तर सिग्नल नसला तरी थांबतात.

आता ऐका. ताईची अमावस्या हुकली. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा असते. अस्थी नाहीत तर नाही, मी ही चावी लाल फडक्यात बांधतो आणि ताईचं नाव घेऊन वैनगंगेत सोडतो. गुरुजी नाही म्हणाले तर गुरुजींनाही सोडतो.

तुमचा
दिल्या

•

सॉल्ट लेक, कोलकाता
१७ फेब्रुवारी २०२५

चि. दिलीप यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मीनाला सांग की सिग्नलचे मी अजूनही पाळतो.

तू गेल्यावर सरखेलबाबू माझ्या नावे लेखी नोटीस घेऊन आले. "सामायिक मालमत्तेचा अपहार." मी त्यांना बसवले, चहा दिला आणि माझ्या अर्जांच्या प्रती त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी पहिला अर्ज वाचला. दुसरा वाचण्याचे त्यांनी टाळले. जाताना म्हणाले, "मेशोमशाय, आपण सुशिक्षित माणूस. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हणालो, "सुशिक्षित होतो म्हणूनच तुम्हाला इतकी वर्षे मिळाली."

दोनच दिवसांत त्यांनी नवी चावी करून घेतली. जनरेटर पुन्हा सुरू झाला. तेव्हा आपण काही जिंकलो, असा समज करून घेऊ नकोस.

आता अस्थींविषयी. मी तुला लिहिले होते की, देणार नाही. वास्तविक देण्याजोगे काही नव्हते. हे चैत्रालीने तुला कळवले, हे मला तू चहा मागितलास तेव्हाच समजले. तिच्यावर मी रागावलेलो नाही. रागावायला हवे होते असे घाटावरून परतताना वाटत होते, आणि तो राग कुठे ठेवावा हे समजत नव्हते. तू दूरध्वनीवर ओरडलास आणि माझी सोय झाली. परंतु तिच्या आईने सांगितले होते, जाताना कुणाला काही देऊ नका, आणि त्या मुलीने मागे काहीच ठेवले नाही. आपल्या दोघांपेक्षा शैलाचे म्हणणे तिनेच पुरते ऐकले.

म्हणूनच तुला विनंती आहे, विनंती कसली, आज्ञा समज. ती चावी वैनगंगेत टाकू नकोस. ज्या बाईने जाताना स्वतःचा धूर कुणाच्या अंगणात जाऊ दिला नाही, तिच्या नावाने नदीत डिझेल लागलेले लोखंड सोडायचे नाही. ती तुला पाण्यात उभी राहून बोलली होती ना? त्याच पाण्यात उभा राहा, फुले सोड, तिचे नाव घे. त्याला शास्त्राधार काय, असे गुरुजींनी विचारले तर त्यांना माझा पत्ता दे. चावी तुझ्याकडेच ठेव. फुंकणी जिथे टांगलेली असे तो खिळा अजून भिंतीत असेल, तिथे लाव.

काल रविवारी दुपारी वीज गेली. खिडकीची काच थरथरू लागली, तेव्हा मी शर्टाला इस्त्री करत होतो आणि इस्त्रीही अर्थात गेली. अर्धी इस्त्री झालेला शर्ट मी अंगात घातला आणि खाली गेलो. या वेळी ओरडायला तू नव्हतास. मला ओरडता येत नाही हे तुला माहीत आहे. मी प्रयत्न केला. आवाज फार बरा आला नाही, पण बाल्कन्यांत माणसे आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सूनबाईने वरून सांगितले की, तिच्या लहान मुलालाही खोकला आहे. मी तिला खाली बोलावले. ती आली. तिच्यासमोर मी नवी चावी काढून घेतली. सरखेलबाबू म्हणाले, आम्ही आणखी एक करून घेऊ. मी म्हणालो, जरूर घ्या.

वर आल्यावर ती चावी कुठे ठेवावी हा प्रश्न होता. कपाटावरचा तांब्या उतरवला, पुसला आणि तिच्यात, चुकलो, त्याच्यात, चावी टाकली. तांब्या असा वाजला की स्वयंपाकघरातून कोणी "काय पडलं?" असे विचारेल म्हणून मी थांबलो.

कोणी विचारले नाही.

त्यांना हव्या तितक्या चाव्या करू देत. तांब्या मोठा आहे.

तुझा,
श्यामसुंदर